मुलं झोपली की मागे उरते ती कोण?

वाचकांचे प्रश्न

या महिन्यात नाशिकहून आलेल्या बऱ्याच पत्रांचा सूर एकच होता: मूल लहान आहे, मी घरी आहे, घरी राहण्याचा निर्णय मान्य आहे, पण मी स्वतः कुठे आहे ते सापडत नाही. त्यातली पाच पत्रं इथे घेतली आहेत. नावं गाळली आहेत आणि मजकूर आटोपता केला आहे.

वय ३२. अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात सहा वर्षं काम केलं. मुलगी चार वर्षांची, मुलगा दीड वर्षाचा. नोकरी मी माझ्या मनाने सोडली, त्याची खंत नाही. पण परवा नणंदेने विचारलं, "वहिनी, वाढदिवसाला तुला काय हवं?" आणि मला उत्तरच सुचेना. मला काय आवडतं तेच आठवत नाही. दुपारी धाकटा झोपतो तेवढा वेळ मिळतो, तो फोनवर जातो आणि मग स्वतःचाच राग येतो. सुरुवात कुठून करू? (इंदिरानगर)

आवड नुसती आठवून सापडत नाही. ती आठवली नाही म्हणून तुमच्यात काही उणं झालं असंही नाही. चार वर्षं तुमचं लक्ष दर पाच-दहा मिनिटांनी दुसऱ्याच्या भुकेकडे, झोपेकडे, पडण्याकडे वळत आलं आहे. "मला काय हवं" हा प्रश्न विचारायची सवयच मोडली आहे. ती हळूहळू परत लावावी लागते, आणि त्याची सुरुवात वहीपासून करा. तुम्ही क्वालिटीत होता, तेव्हा नोंद ठेवल्याशिवाय दोष सापडत नाही हे तुम्हाला सांगायला नको.

सात दिवस नोंद ठेवा. साधी वही, तीन रकाने: वेळ, काय केलं, नंतर कसं वाटलं. तिसऱ्या रकान्यात अधिक, उणे किंवा शून्य एवढीच खूण करायची. दिवसातून चारदा लिहा: सकाळच्या चहानंतर, अकराच्या सुमारास, दुपारी तीनला आणि रात्री मुलं झोपल्यावर. एका वेळी एक मिनिट पुरतं. ही नोंद बहुतेक वेळा एकाच कारणाने फसते. दोन दिवसांत ती कामांची यादी होते आणि "आज काहीच झालं नाही" असं स्वतःला बोलण्याचं साधन बनते. म्हणून कामं किती झाली ते लिहूच नका. आठव्या दिवशी फक्त अधिकच्या खुणा वाचा. मुलीची वेणी घालताना अधिक आहे, की डबे लावून कपाट नीट झाल्यावर? बाल्कनीतल्या कुंड्यांना पाणी घालताना, की खाली शेजारणीशी बोलताना? हाताचं काम, माणसं, नीटनेटकी मांडणी, शब्द, हालचाल असे चार-पाच गट आपोआप दिसू लागतात.

त्यासोबत तीन प्रश्नांची उत्तरं त्याच वहीत लिहा. दहा-बारा वर्षांची असताना कुणी न सांगता काय करत होता? लोक तुमच्याकडे कशासाठी येतात, कपडे निवडायला, हिशेब जुळवायला की भांडण मिटवायला? आणि कुणाचा हेवा वाटतो? तिसरा प्रश्न सगळ्यांत उपयोगाचा आहे, आणि बायका तो लाजेने टाळतात. हेवा वाटला की त्याचे दोन भाग करा: तिला जे मिळालं त्याचा हेवा आहे, की ती दिवसभर जे करते त्याचा? मैत्रिणीचं गाणं ऐकून पोटात तुटलं, पण रोज सकाळी तासभर सूर लावत बसायची कल्पना नकोशी वाटली, तर तुम्हाला हवं आहे ते गाणं नव्हे, कौतुक. तीही खरीच गरज आहे, फक्त तिचा रस्ता वेगळा.

आता वेळ. दीड वर्षाची बरीच मुलं दुपारी एकदाच झोपतात, साधारण दीड-दोन तास. चार वर्षांची मुलगी बहुधा झोपणार नाही. तिला "झोप" म्हणण्यात तुमची दुपार जाते. त्याऐवजी तिचा "शांत वेळ" ठेवा. एक खोका फक्त त्या वेळेपुरता बाहेर काढायचा: जुनी मासिकं, बोथट टोकाची कात्री, डिंक, खडू, कपड्यांचे चिमटे, चित्रांची दोन पुस्तकं. पहिल्या दिवशी पाचच मिनिटं, तुम्ही त्याच खोलीत पण बोलायचं नाही. दर दोन दिवसांनी दोन-तीन मिनिटं वाढवा. तीन आठवड्यांत बरीच मुलं वीस-पंचवीस मिनिटांपर्यंत येतात. पहिल्याच दिवशी अर्धा तास मागितला, तर मूल दर दोन मिनिटांनी येऊन ओढणी ओढणार. खोका दिवसभर खुला ठेवला तरीही चालणार नाही, कारण त्याची नवलाई जाते. धाकटा उठायच्या आत खोका वर ठेवायचा. टॉयलेट पेपरच्या रिकाम्या नळीतून जी वस्तू पार जाते ती दीड वर्षाच्या मुलाच्या घशात अडकू शकते. शेंगदाणे, हरभरे, मणी, बटणं सगळी त्यात आली. कडधान्य निवडायला बसवण्याची आपल्याकडची पद्धत चार वर्षांच्या मुलीला ठीक, धाकट्याच्या हाताशी नको.

टीव्ही लावून वेळ काढावा का, हेही तुमच्या मनात असेल. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला असा आहे की दोन वर्षांखालच्या मुलाला स्क्रीन अजिबात नको आणि दोन ते पाच वर्षांत दिवसाला जास्तीत जास्त एक तास, तोही मोठ्यांच्या सोबत. मुलीसाठी वीस मिनिटं लावलीत तर अपराधी वाटून घेऊ नका. पण रोजची दुपार त्यावर उभी करू नका, कारण बंद करताना होणारी रडारड तुमची उरलेली शक्ती घेऊन जाते.

फोनचं म्हणाल तर निश्चयाने तो सुटत नाही, जागा बदलल्याने सुटतो. मुलगा झोपला की फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावा आणि आवाज चालू ठेवा, म्हणजे कुणाचा तातडीचा फोन चुकणार नाही. रात्री सहा तासांहून कमी झोप झाली असेल, तर त्या दिवशी काहीच करू नका. गजर लावून वीस मिनिटं आडव्या व्हा. त्याहून लांबवलंत, तर अर्धवट गाढ झोपेतून उठून डोकं जड होतं.

उरलेल्या दिवसांसाठी पंचवीस मिनिटं. काम निवडताना दोन कसोट्या लावा: ते कुठल्याही क्षणी सोडता आलं पाहिजे, आणि केलेलं टिकलं पाहिजे. दुसरी कसोटी तुमच्यासाठी मुद्दाम सांगतो. घरातलं सगळं काम संध्याकाळपर्यंत पुसलं जातं. घासलेली भांडी खरकटी होतात, घड्या केलेले कपडे मळतात, भरवलेलं पोट पुन्हा रिकामं होतं. कारखान्यात तपासलेला माल तपासलेलाच राहायचा. तुम्हाला जे हरवल्यासारखं वाटतं, त्यातला मोठा भाग हाच असण्याची शक्यता आम्हाला वाटते.

या दोन्ही कसोट्यांवर उतरणारं, आपल्या घरांतलंच एक काम म्हणजे गोधडी. बाळाच्या मापाची, तीस बाय चाळीस इंचांची घ्या. खाली एक अख्खं सुती कापड, मध्ये आजीच्या किंवा आईच्या जुन्या सुती साडीचे दोन थर, वर तुकडे जोडलेला थर. साड्या आधी गरम पाण्यात धुऊन खळ काढा. खळ राहिली तर सुई जात नाही, आणि न धुता शिवलं तर पहिल्या धुण्यात थर कमी-जास्त आटून फुगे येतात. सिंथेटिक साडी घेऊ नका, थर एकमेकांवरून घसरतात. चारही थर सपाट जमिनीवर अंथरून मध्यापासून कडेकडे, चार-चार इंचांवर रंगीत दोऱ्याने कच्चे टाके घाला. हे टाळलं की गोधडी शेवटी एका कोपऱ्यात गोळा होते. मग जाड सुती दोऱ्याने धावदोरा, इंचाला चार-पाच टाके, ओळींत एक इंच अंतर. दोरा बोटापासून कोपरापर्यंत लांब घ्यायचा, त्याहून लांब घेतला की गुंततो. नवख्या हाताला चाळीस इंचांची एक ओळ साधारण वीस मिनिटं घेते, म्हणजे एका बैठकीत एक ओळ. तीसेक ओळी लागतात. आठवड्यातून पाच दिवस धरले तर सहा आठवडे. सुया मोजून घ्यायच्या, मोजून ठेवायच्या: तीन काढल्या तर तीनच परत गेल्या पाहिजेत, आणि डबा वरच्या फळीवर. ओळ संपवून उठू नका. चार टाके बाकी ठेवा, म्हणजे दुसऱ्या दिवशी कुठून सुरू करायचं हा विचारच उरत नाही.

गोधडीच करा असं नाही. वहीत शब्दांच्या बाजूला अधिकच्या खुणा पडल्या असतील, तर टिळक पथावरच्या सार्वजनिक वाचनालयाचं सभासदत्व घ्या. १८४० पासूनची ही संस्था गावात असून आपण कधी पायरी चढलो नाही, असं सांगणाऱ्या नाशिककरणी पुष्कळ आहेत. एका वेळी एकच पुस्तक आणि पंधरा पानांची मर्यादा. चित्राकडे ओढ असेल, तर जाड चित्रकागदाचे पोस्टकार्डाएवढे तुकडे, बारा वड्यांची जलरंगाची पेटी आणि सहा नंबरचा एकच गोल ब्रश पुरे. तैलरंग नकोत, आवरण्यातच वेळ जातो आणि वासही राहतो.

एक गोष्ट निवडा आणि दहा बैठका करा. खर्च तीनशे रुपयांच्या आत. सुरुवातीलाच अडीच हजारांचं सामान आणलं की ते काम आनंदाचं राहत नाही, कर्जासारखं डोक्यावर बसतं. दहाव्या बैठकीनंतर वहीत लिहा: बसायच्या आधी टाळाटाळ होते का, बसल्यावर वेळ कळतो का, उठल्यावर मुलांशी बोलताना आवाज कसा असतो. टाळाटाळ आहे पण बसल्यावर रमता, तर चालू ठेवा. बसल्यावरही घड्याळाकडे लक्ष जातं, तर सोडा आणि दुसरं घ्या. सोडलं म्हणजे हरलात असं नाही, एक गोष्ट तुमची नाही एवढं नक्की कळलं.

आणि नणंदेला उत्तर द्यायचंच आहे. जुनी सुती साडी मागा.

एकत्र कुटुंब, मूल दोन वर्षांचं. अर्धा तास मागितला की सासूबाई म्हणतात, "आम्ही चौघांना वाढवलं, आम्हाला कुठे लागला वेळ?" नवरा म्हणतो, "तूच बोल तिच्याशी." रविवारी तो "मदत" करतो, पण दर पाच मिनिटांनी हाक मारतो. (मखमलाबाद नाका, पंचवटी)

सासूबाईंचं वाक्य खरं आहे आणि अपुरंही. त्यांच्या वेळी वाड्यात जावा, नणंदा, शेजारणी होत्या. मूल एकाच मांडीवर चोवीस तास नसायचं. ओट्यावर भाजी निवडत घटकाभर गप्पा होत, तोच त्यांचा वेळ होता, फक्त त्याला कुणी "माझा वेळ" म्हणत नव्हतं. हे त्यांना उत्तर म्हणून ऐकवू नका. एखाद्या दुपारी विचारा, "आई, मुलं लहान होती तेव्हा तुम्ही दुपारी काय करायचात?" आणि नीट ऐका. विणकाम, भजन, बंद पडलेलं शिवणयंत्र, असं काहीतरी बहुतेक निघेलच.

मागणं फसतं ते बहुधा शब्दांमुळे. "मला जरा वेळ हवा" यातला "जरा" कुणालाच कळत नाही. स्वयंपाकाच्या घाईत, पाहुण्यांसमोर किंवा नवऱ्याच्या तोंडून निरोप पाठवून मागितलं, तर ते गाऱ्हाणं वाटतं. वेळ, जागा आणि समोरच्याने नेमकं काय करायचं, तिन्ही सांगा: "आई, सोमवार ते शुक्रवार तीन ते साडेतीन मी वरच्या खोलीत बसणार आहे. बाळ उठलं तर त्याला केळं आणि पाणी द्याल का? वाटी ओट्यावर काढून ठेवते. साडेतीनला मी खाली येते." आणि साडेतीनला खाली या. पहिले पंधरा दिवस एक मिनिटही उशीर नको, सगळा विश्वास त्यावर बसतो. बदल्यात त्यांचाही वेळ पक्का करा. गुरुवारी भजनी मंडळ असेल, तर त्या संध्याकाळचा स्वयंपाक तुमचा, त्यांनी मध्येच उठून यायचं नाही. त्यांचे गुडघे दुखत असतील, तर मूल उचलायचं काम त्यांच्यावर टाकू नका. तीनच्या आत शी-शू उरकून, त्यांच्या खोलीत गादीवर खेळणी मांडून द्या.

नवऱ्याचा भाग वेगळा आहे आणि तो त्यांनीच उचलायचा आहे. आपल्या आईशी पहिल्यांदा बोलण्याचं कामही त्यांचं: "आई, हा अर्धा तास आम्ही दोघांनी ठरवला आहे," एवढं एक वाक्य पुरतं. रविवारी "मदत" हा शब्दच नको. आठ ते अकरा मूल पूर्ण त्यांच्याकडे, म्हणजे काय खायला द्यायचं, कपडे कुठे, कधी झोपवायचं याचा विचारही त्यांचाच. शनिवारी रात्री कागदावर चार ओळी लिहून फ्रिजवर लावा: नाश्ता काय, झोपेची वेळ, कपड्यांचा कप्पा, औषध असेल तर माप. मग घराबाहेर पडा. घरात राहिलात तर हाका येणारच.

परत आल्यावर मुलाच्या अंगात उलटा सदरा असेल, केस विंचरलेले नसतील. बोलू नका. तुम्ही पुन्हा अंघोळ घातली, पुन्हा भरवलं, की त्यांना कळतं हे काम शेवटी तुमचंच आहे, आणि पुढच्या रविवारी हाका वाढतात. तडजोड नाही अशा तीनच गोष्टी सांगून ठेवा: औषधाचं माप, अंघोळीचं पाणी कोपर बुडवून तपासणं, गॅलरीचं दार बंद. बाकी त्यांची पद्धत. तीन-चार रविवार विस्कळीत जातील, मग घडी बसेल.

त्या तीन तासांत कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर जा, गोदा पार्कात नदीकाठी बसा, कुसुमाग्रज स्मारकात काही कार्यक्रम असेल तर ऐका. एकच गोष्ट करू नका: येताना भाजी आणू नका. पिशवी हातात आली की तो वेळ घराच्या खात्यात जातो.

बाळ सात महिन्यांचं. महिनाभर रोज रडू येतं. बाळ झोपलं तरी मला झोप लागत नाही. बाळाबद्दल काही वाटतच नाही. मैत्रीण म्हणते, एखादा छंद लाव, स्वतःला शोध. (सातपूर)

आधी डॉक्टर, छंद नंतर. तुमच्या पत्रात जे आहे ते स्वतःला शोधण्याबद्दलचं नाही. बाळंतपणानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत येणारं रडू बहुधा आपोआप ओसरतं. त्यानंतरही दोन आठवड्यांहून जास्त टिकलेली उदासी, बाळ झोपलेलं असतानाही न लागणारी झोप आणि बाळाविषयी काहीच न वाटणं ही प्रसूतीनंतरच्या नैराश्याची लक्षणं असू शकतात. हा आजार पहिल्या वर्षात केव्हाही सुरू होऊ शकतो. तो आईपणातला दोष नाही आणि उपचारांनी बरा होतो.

या आठवड्यातच स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा मनोविकारतज्ज्ञांना भेटा आणि वर लिहिलेली तिन्ही वाक्यं जशीच्या तशी सांगा. "थकवा येतो" एवढंच म्हणालात तर टॉनिकवर भागतं. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-१२ आणि थायरॉईडसाठी टीएसएच या तपासण्यांबद्दल विचारा. बाळंतपणानंतर वर्षभरात थायरॉईडला सूज येऊ शकते, आणि रक्त कमी असणं आपल्याकडे नेहमीचंच. दोन्हींनी मन आणखी खचतं. अंगावर पाजत असाल तर तेही सांगा. पाजताना चालणारी औषधं आहेत, म्हणून उपचार लांबवू नका, आणि सुरू झालेलं औषध मनाने बंद करू नका. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास आणि मोफत आहे, मराठीत बोलता येतं. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार आले, तर एकट्या राहू नका. घरच्यांना उठवा आणि त्याच दिवशी रुग्णालयात जा. त्र्यंबक रोडचं जिल्हा रुग्णालय तुम्हाला जवळ आहे.

रात्रीचं एक पाजणं किंवा बाळाला झोपवणं आजपासून दुसऱ्या कुणाकडे द्या, म्हणजे तुम्हाला सलग चार-पाच तास मिळतील. हे पत्र घरात वाचून दाखवा.

लग्नामुळे बी.ए.चं दुसरं वर्ष सुटलं. मूल तीन वर्षांचं. यजमान प्रेसमध्ये, पाळी बदलती. मुक्त विद्यापीठातून पूर्ण करावं म्हणते, पण जमेल का? (नाशिकरोड)

जमेल, पण आधी आकडे मांडा. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली आपल्याच नाशकात, गंगापूर धरणाच्या बाजूला उभं राहिलं, ते शिक्षण मध्येच सुटलेल्यांसाठीच. दूरशिक्षणात एक श्रेयांक म्हणजे तीस तासांचा अभ्यास धरतात. चार श्रेयांकांचा एक विषय म्हणजे १२० तास. सत्राचे २४ आठवडे धरले, तर एका विषयाला आठवड्याला पाच तास. एका सत्रात असे पाच विषय घेतले, तर आठवड्याला पंचवीस तास होतात. तीन वर्षांच्या मुलासोबत, बदलत्या पाळीत, एवढे तास निघत नाहीत. बायका इथेच अडकतात: उत्साहाने सगळे विषय घेतात, दोन महिन्यांत मागे पडतात आणि "माझं डोकं आता चालत नाही" असं ठरवून मोकळ्या होतात. डोकं चालतं, तास कमी पडले.

म्हणून अभ्यासकेंद्रात जुन्या गुणपत्रिका घेऊन जा आणि तीन गोष्टी लेखी विचारा: आधीच्या वर्षाची सवलत मिळते का, पदवी पूर्ण करायची कमाल मुदत किती, आणि विषय मागे ठेवून नंतर परीक्षा देता येते का. मुदत लांब असेल तर सत्राला दोन किंवा तीन विषय, म्हणजे आठवड्याला दहा ते पंधरा तास, एवढंच धरा. पाळी बदलती असल्याने रोजची ठरावीक वेळ टिकणार नाही. पाळीनुसार वेगवेगळे वेळापत्रकाचे कागद करा आणि ज्या आठवड्याला जी पाळी, तो कागद भिंतीवर. वीस मिनिटं वाचा, पुस्तक मिटा, आठवेल ते पाच ओळींत लिहा. नुसतं अधोरेखित केल्याने लक्षात राहत नाही. टिपणं स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करा आणि पोळ्या लाटताना ऐका. परीक्षेच्या दिवसांत मूल कुणाकडे राहणार हे तारखा लागल्या त्याच आठवड्यात ठरवा, आदल्या रात्री नको.

विषय निवडताना "सोपा" किंवा "पुढे शिकवण्या घेता येतील" एवढंच पाहू नका. अर्धवट राहिलेल्या वर्षी कुठल्या तासाला पहिल्या बाकावर बसत होता, ते आठवा.

माझे नाचणीचे लाडू सगळ्यांना आवडतात. "विकायला लाग, स्वतःची ओळख होईल," असं सगळे म्हणतात. मुलं पाच आणि तीन वर्षांची. करू का? (गंगापूर रोड)

ओळख आणि कमाई एकाच कढईत घालू नका, निदान पहिल्या दिवसापासून नको. ऑर्डर नसलेल्या दिवशी लाडू वळावेसे वाटतात का, हे आधी बघा. वाटत नसतील तरी विकायला हरकत नाही, पैसे हेही पुरेसं कारण आहे. फक्त मग पहिल्या उत्तरात सांगितलेली स्वतःसाठीची पंचवीस मिनिटं लाडवांच्या बाहेर ठेवा.

हिशेब असा मांडा. समजा एका किलोला नाचणी, तूप, गूळ, सुकामेवा मिळून ३२० रुपये लागले, डबा-लेबल ३०, गॅस १५, म्हणजे ३६५. भाजणं, वळणं, भरणं, भांडी यांत अडीच तास गेले आणि तुमच्या तासाला ८० रुपये धरले, तर आणखी २००. एकूण ५६५. सहाशेला विकलंत तर फायदा ३५ रुपये. बहुतेकजणी दोनशेचा आकडा धरतच नाहीत, आणि सहा महिन्यांनी "एवढं राबून हातात काही नाही" म्हणून बंद करतात. मजुरीचे पैसे घरखर्चात मिसळू देऊ नका, स्वतःच्या नावाच्या बचत खात्यात वेगळे टाका. वर्षाला किमान ५०० रुपये भरून पीपीएफ खातंही तुमच्या नावावर चालू ठेवता येतं.

विकण्याआधी एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाकडे नोंदणी करा, ती घरगुती उत्पादकालाही लागते आणि ऑनलाइन होते. लेबलवर चौदा अंकी नोंदणी क्रमांक, घटक, निव्वळ वजन, बनवल्याची तारीख, किती दिवसांत संपवायचं, तुमचं नाव-पत्ता आणि शाकाहाराची हिरवी खूण हवी.

चार आठवडे चाचणी करा: आठवड्याला जास्तीत जास्त तीन किलो, पोहोचवायचा वार एकच, उधारी नाही, नातेवाइकांनाही तोच भाव. दिवाळीची मोठी ऑर्डर पहिल्या वर्षी घेऊ नका. ऑर्डरी सगळ्यांत जास्त येतात तेव्हाच शाळेला सुट्टी असते, आणि तापलेल्या कढईभोवती दोन मुलं फिरत असतात.

घरच्या लाडवात चालतं ते विक्रीच्या लाडवात चालत नाही, याचीही जाणीव ठेवा. पीठ मंद आचेवर, सतत हलवत, खमंग वास सुटेपर्यंत भाजा. घाई केली तर कच्ची चव राहते. गूळ किसून कोरडाच मिसळा, पाण्यात विरघळवलेल्या गुळाचे लाडू लवकर खराब होतात. आणि कोमट लाडू डब्यात भरले की झाकणाला आतून घाम येतो, चौथ्या-पाचव्या दिवशी बुरशी. गुरुवारी पोहोचवायचे असतील तर मंगळवारी रात्री मुलं झोपल्यावर पीठ भाजून ठेवा, बुधवारी दुपारी वळा, परातीत जाळीखाली चार तास गार होऊ द्या आणि डबे बुधवारी रात्रीच बंद करा.